सर्व्हरला लागलेला पायगुण

दामिनीला कोणी "काय करतेस?" असं विचारलं की ती "कॉम्प्युटरवर बसते" एवढंच सांगायची. नोकरी करते, ऑपरेटर आहे, असलं काही नाही. बसते. त्या एका शब्दात तिचं सगळं होतं, आणि तो ती जरा ताठ मानेनंच उच्चारायची.

बसायची ती भंडाऱ्याकडच्या मोहाडीच्या पुढच्या एका गावातल्या धान खरेदी संस्थेत. दिवाळी सरली की आसपासच्या गावांचे ट्रॅक्टर संस्थेच्या पटांगणात येऊन लागतात, काटा सुरू होतो, हमाल बारदान्यात धान भरून थप्प्या रचतात. ऑफिसात तीन कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांच्या नोंदी होतात. नोंद झाली की नंबर, नंबर आला की वजन. नोंद अडली तर उघड्यावर पडलेलं धान दव खातं आणि बाहेरच्या माणसांचं डोकं फिरतं. म्हणजे सीझनमध्ये सगळ्या पटांगणाचा जीव त्या तीन कॉम्प्युटरांत अडकलेला असतो, आणि त्यातला एक दामिनीकडे होता.

तो मिळण्याआधी ती काय होती, हे सांगायलाच हवं. तिला अड्याळला दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा मोटरसायकलवरून पडून गेला. गाडीचे ब्रेक लागत नाहीत हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. सासरा त्यावरून पोराला रोज बोलत होता. पण माणूस गेल्यावर ब्रेकवर खापर कोण फोडतं? ब्रेक काही घरात नवा आलेला नव्हता. नवी आलेली दामिनी होती. सासूनं भर अंगणात उभं राहून सगळ्या मोहल्ल्याला ऐकवलं, "पांढऱ्या पायाची आनली वो आमी!" तेरावं झालं आणि भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला.

माहेरी तरी काय, आई सत्यभामाबाई कोणी पाहुणे आले की तिला मागच्या खोलीत तांदूळ निवडायला बसवायची. दामिनी किती दिवस तांदूळ निवडणार? एका सकाळी ती उठली, मोहाडीला गेली आणि अमरसरांच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घालून आली. पुढे संस्थेत लागली. बोटं इतकी झरझर चालायची की शेतकरी आपापसात म्हणायचे, तिच्याकडं जा, लवकर होते. हळूहळू अड्याळचं नाव मागं पडलं. लोक तिला "कॉम्प्युटरवाली ताई" म्हणायला लागले. खुर्ची गेली असती तर पगार गेला असताच, पण हे नावही गेलं असतं आणि जुनं परत आलं असतं. ते तिला पक्कं माहीत होतं.

यंदा संस्थेला तीनांतल्या एकाच्या जागी नवा कोरा कॉम्प्युटर मिळाला. व्यवस्थापक घनश्यामबाबूंनी तो दामिनीला दिला. "तुह्या हाताला स्पीड आहे, तूच वापर," म्हणाले. दुसरा ऑपरेटर सचिन, त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

आता सर्व्हरविषयी. मागच्या खोलीत लोखंडी टेबलाखाली एक जुनाट मशीन असे, त्यात संस्थेच्या सगळ्या नोंदी. त्यावरचा खरेदीचा प्रोग्राम ज्यानं बनवून दिला त्यानं केव्हाच धंदा गुंडाळला होता, आणि तो प्रोग्राम त्या जुन्या विंडोजशिवाय चालत नसे. म्हणून मशीनला हात लावायची कोणाची छाती नव्हती. दसऱ्याला तेवढा त्याला झेंडूचा हार, हळदकुंकू आणि नारळ. वर्षभरात त्याची काळजी म्हणून एवढीच काय ती घेतली जायची.

सीझनच्या पहिल्या दिवशी दामिनी नव्या कॉम्प्युटरवर बसली, सर्व्हरचा आपला पासवर्ड टाकला, त्यावरचं "खरेदी" नावाचं फोल्डर उघडलं, आणि बाकीचे दोन्ही कॉम्प्युटर जागच्या जागी थिजले. मागच्या खोलीत सर्व्हरचा पडदा निळा झाला होता आणि त्यावर इंग्रजी अक्षरं. सचिननं तो बंद करून चालू केला. काम सुरू झालं. थोड्या वेळानं दामिनीनं परत फोल्डर उघडलं. परत निळा पडदा. दिवसभर हेच. तिनं हात आवरला की चालायचं, तिनं काम सुरू केलं की पडायचं.

खिडकीच्या गजाला धरून रांगेत उभे असलेले गोमाजी हे सगळं पाहत होते. सिहोऱ्याकडचे जुने शेतकरी, नजर तल्लख. दुसऱ्या दिवशी दुपारी ते मोठ्यानं म्हणाले, "थे पोरगी बसली का बंद पडते. मी कालपासून पाहून राहिलो. थे उठली का चालते."

यात सगळ्यात संताप येण्यासारखी गोष्ट ही, की गोमाजींचं निरीक्षण शंभर टक्के खरं होतं. तेच निरीक्षण एखाद्या मेकॅनिकनं केलं असतं तर तासाभरात रोग सापडला असता. पण ते शब्द नेमके कुंताबाईच्या कानावर पडले. कुंताबाई ऑफिसात झाडायची, चहा करायची, आणि तिची बहीण अड्याळला दिलेली होती. तिनं कोणाला काय सांगितलं देव जाणे, पण चहाचे कप गोळा होईपर्यंत ते दोन शब्द पटांगणभर झाले होते. पांढऱ्या पायाची.

दामिनीला ते कोणी तोंडावर म्हटलं नाही. तिला कळलं ते सर्व्हरच्या टेबलाला लटकवलेल्या लिंबू-मिरचीवरून. "हे कोनं लावलं?" तिनं विचारलं. सचिन हसत म्हणाला, "राहू दे ना ताई, काय बिघडते?"   अड्याळच्या अंगणात उभं असल्यासारखं तिला वाटलं.

घनश्यामबाबूंनी भंडाऱ्याहून एक दुरुस्तीवाला बोलावला. त्यानं सर्व्हर उघडला, फुंकर मारून धूळ उडवली, एक वायर बदलली, "व्हायरस असन," म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेला. तो गेल्यावर दामिनीनं फोल्डर उघडलं आणि सर्व्हर पडला. बाहेर कोणीतरी शिवी हासडली. ती सर्व्हरला होती की तिला, कोण जाणे.

मग घनश्यामबाबूंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "हे पाय दामिनी, मी असलं काही मानत नाही. माहं बी.एस्सी. झालं आहे. पण पब्लिक मानते ना. दोन दिवस घरी राहा. थोडं शांत होऊ दे."

दामिनीला राग आला, आणि रागाच्या भरात तिनं एक चूक केली. "ठीक आहे साहेब, राहतो मी घरी. पण माह्या मागं माहा कॉम्प्युटर चालू करून पाहा. सगळ्यांसमोर. सर्व्हर पडला तं कॉम्प्युटरचा दोष. नाही पडला तं माहा."

"पक्कं?"

"पक्कं," ती म्हणाली. तिला इतकी खात्री होती. घरी जाताना तिला जरा हलकंसुद्धा वाटलं. आपणच तोडगा काढला, आता ह्यांची तोंडं बंद होतील.

दुसऱ्या दिवशी गोमाजी, अजून काही शेतकरी आणि कुंताबाई यांच्या साक्षीनं सचिननं दामिनीचा कॉम्प्युटर सुरू केला. दिवसभर तो सुरू राहिला. सर्व्हरनं डोळ्याची पापणीसुद्धा हलवली नाही. संध्याकाळी घनश्यामबाबूंचा फोन आला. "नाही पडला वो," ते म्हणाले. आवाजात जरा ओशाळलेपण होतं, पण त्याखाली सुटल्याचा भावही होता. "तूच म्हटलं होतं, म्हणून सांगतो."

दामिनी फोन हातात धरून तशीच ओट्यावर बसली. कॉम्प्युटर तोच, सर्व्हर तोच, वायर तीच. फक्त आपण नव्हतो. मग उरलं काय? आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं की सासू खरं बोलत असेल. तिला स्वतःचीच इतकी भीती वाटली की तिनं पाय साडीखाली ओढून घेतले.

आईला न सांगताच सगळं कळलं होतं. सकाळी सत्यभामाबाईनं तिला दारात बसवलं, मीठ-मिरच्या मुठीत घेतल्या आणि तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. दामिनीनं उतरवू दिल्या. मिरच्या तडतडल्या, दोघींनाही ठसका लागला. आई म्हणाली, "पाय, वास बी नाही आला मिर्च्याईचा. लय नजर होती." आणि खोकत खोकत डोळे पुसायला लागली.

त्या धुरात खोकतानाच दामिनीच्या मनात आलं: आपण खोकतोय, वासानं घर भरलंय, आणि आई म्हणतेय वास नाही आला. मग काल त्या लोकांनी तरी काय पाहिलं? सचिननं कॉम्प्युटर चालू केला म्हणजे नेमकं केलं काय? तिनं सचिनला फोन लावला.

"एक पत्र टाइप केलं," सचिन म्हणाला. "मंग नेट पाहिलं. बाकी दिवसभर पत्ते खेळलो, खरं सांगू का."

"खरेदीचं फोल्डर उघडलं?"

"तुह्या कॉम्प्युटरवरून कायले उघडू? मले पासवर्ड कुठी माहीत हाये तुहा. नोंदी मी माह्याच कॉम्प्युटरवर केल्या."

दामिनी मोठ्यानं हसली. आई घाबरून बाहेर आली. हसता हसता तिला रडूही आलं, कारण तिला सगळं कळलं होतं. नुसता कॉम्प्युटर चालू केल्यानं काही होत नव्हतं. तिच्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरचं फोल्डर उघडलं तरच सर्व्हर पडत होता, आणि ते फोल्डर तिच्याशिवाय तिथून कोणी उघडलंच नव्हतं. ज्या परीक्षेत ती नापास झाली होती त्या परीक्षेत प्रश्नच विचारलेला नव्हता.

ती तडक बसनं मोहाडीला अमरसरांकडे गेली. अमरसरांनी तिचं ऐकून घेतलं, सर्व्हरचं विंडोज कोणतं, नव्या कॉम्प्युटरचं कोणतं ते विचारलं आणि कपाळाला हात लावला.

"अवं, हे जुनं दुखणं आहे. नेटवर्कवर फाइल मागायची एक जुनी पद्धत आणि एक नवीन. तुहा नवा कॉम्प्युटर विचारते, नवीन पद्धत येते का तुले? बाकीचे दोन कॉम्प्युटर जुने, थे विचारतच नाही. आता सर्व्हर पार जुना असता तं म्हटलं असतं, नाही येत बापा. पण तुमचा सर्व्हर मधल्या काळातला. त्याले नवीन पद्धत अर्धवट येते. थो म्हणते, येते ना! आणि पहिल्याच बोलण्याले कोसळते."

"आणि उपाय?"

"सर्व्हरमधली थे अर्धवट पद्धत बंद करून टाकायची. नव्या कॉम्प्युटरले सांगायचं का जुन्या पद्धतीनं बोल. चहा थंड व्हायच्या आत होते. पण कायमचं नाही हं हे, जुनी पद्धत सुरक्षित नाही. पुढं सर्व्हर बदलाच लागन."

तिथूनच दामिनी संस्थेत गेली. घनश्यामबाबूंनी सगळं शांतपणे ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, तेही बरोबर विचारले. माणसाला अक्कल नव्हती असं मुळीच नाही. अक्कलच नसती तर मी त्याला माफ केलं असतं. "लॉजिक आहे," ते म्हणाले. "उद्याच बोलावतो अमरले. पण एक कर. उद्या तू येऊ नको."

"काहून?"

"पब्लिक चिडली आहे. काम चालू असताना तू दिसली आणि मध्येच काही झालं, तं मले जड जाईल. एकदा सुरळीत झालं का ये ना मंग, कोण नाही म्हणते?"

दामिनी हो म्हणाली. तिला वाटलं, दुरुस्ती झाली की दुरुस्तीच बोलेल. आपण कशाला हवे तिथं?

दुसऱ्या दिवशी अमरसर पोचले तेव्हा सर्व्हरच्या खोलीत पूजा चालू होती. गोमाजींनी महाराज आणला होता, शेतकऱ्यांनी वर्गणी करून नारळ, हार, पेढे. घनश्यामबाबूंनी दोघांनाही एकाच दिवशी होकार देऊन ठेवला होता. कोणाला कशाला दुखवायचं? अमरसर आरती संपेपर्यंत दाराशी हात जोडून उभे राहिले. मग अगरबत्तीच्या धुरात सर्व्हरच्या पडद्यासमोर बसले, ती सेटिंग बंद केली, सर्व्हर परत चालू केला, दामिनीच्या कॉम्प्युटरला जुन्या पद्धतीवर आणलं. घनश्यामबाबूंनी फोनवरून दामिनीचा पासवर्ड विचारून घेतला. सचिननं तिच्या कॉम्प्युटरवरून खरेदीचं फोल्डर उघडून पाहिलं. उघडलं. नोंद केली. झाली. पटांगणातून एकच आवाज उठला, "बोला बजरंगबली की जय!" आणि कुंताबाईनं अमरसरांच्या हातावरही खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

हे सगळं अमरसरांनी दामिनीला फोनवर सांगितलं. सांगताना ते हसत होते. ती हसली नाही, पण तिला वाटलं, पूजा करोत नाहीतर यज्ञ करोत, आपली खुर्ची तर वाचली.

ती कामावर गेली तेव्हा त्या खुर्चीवर सचिन होता. नवा कॉम्प्युटर, तिचाच पासवर्ड, खरेदीचं फोल्डर उघडं. तो उठला नाही. नुसती मान खाली घातली.

"तुहं म्हणणं अगदी बरोबर निघालं," घनश्यामबाबू म्हणाले. "मी कुठं नाही म्हणतो? पण आता चालून राहिलं आहे ना. सीझन आहे. तू काट्यावर उभी राहा, पोत्याईवर नंबर टाकून घे. पगार तोच."

"मंग बाहेर सांगा ना साहेब. बरोबर निघालं म्हणून सांगा सगळ्याईले."

"काय सांगू? अर्धवट पद्धत का काय थे? कोणाले समजणार आहे? थे म्हणतील, पोरगी घरी बसली, देवाचं केलं, आणि सुरळीत झालं. आणि खरं सांग, त्याईच्या डोळ्यासमोर तं तसंच झालं ना?"

 तसंच झालं होतं. दुरुस्ती बोलली होती, पण दुसऱ्याच्याच तोंडून.

ती बाहेर आली. हातात रंगाचा डबा आणि कुंचला. तिनं काही लोकांना समजावून पाहिलं. मोबाइलचं दुकान असलेला एक तरणा शेतकरी होता, त्याला तर सगळं पटलं. "होते ताई असं, नव्या-जुन्याचं जमत नाही," तो म्हणाला. मग त्याच्या धानाचा नंबर लागला, तेव्हा खाली पाहत म्हणाला, "ताई, माहं वजन होऊ दे, तवपर्यंत थोडी तिकडं उभी राहतेस का? मले काही नाही, घरच्याईले वाटते." ती तिकडे जाऊन उभी राहिली. नंतर कोणाला सांगावं लागत नसे. तीच सरकायची.

डिसेंबर अर्धा सरला होता. भर दुपार, पटांगण ट्रॅक्टरांनी भरलेलं, दामिनी एका पोत्यावर नंबर टाकत होती. रस्त्याकडच्या विजेच्या डीपीत धडाम आवाज झाला, ठिणग्या उडाल्या. सगळ्यांनी पाहिलं, सगळ्यांनी ऐकलं. ऑफिसातले पंखे थांबले. पाठोपाठ सचिन व्हरांड्यात येऊन ओरडला, "सर्व्हर बंद पडला!"

आणि पटांगणातल्या माना फिरल्या. डीपीकडून ऑफिसकडे, आणि ऑफिसकडून तिच्याकडे.

लाइट गेली आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. अमरसरांचं एकेक वाक्य तिला पाठ होतं. डीपीतून अजून धूर निघत होता, आणि तो तिला समोर दिसत होता. पण तोंडात ते शब्द येण्याआधी मनात दुसरंच येऊन गेलं. मी आत्ताच तर खिडकीतून आत पाहिलं होतं.

ते येऊन गेलं, एवढंच. पण तिला ते कळलं, आणि तिच्या हातातला कुंचला पोत्यावर तसाच टेकून राहिला. निळा रंग सांडून बारदान्यात पसरत गेला.  वायरमन आला, फ्यूज टाकला, पंखे सुरू झाले, सर्व्हर सुरू झाला.

तेव्हापासून दामिनी काट्याजवळ ऑफिसकडे पाठ करून उभी राहते. तसं उभं राहा असं तिला कोणीही सांगितलेलं नाही.